विमान आता कुठवर आलं?

लंडन ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर आहे. थेट विमानाला त्यासाठी नऊ तास लागतात. नागपूर ते वांकिडी हे अंतर अडीचशे किलोमीटरही भरत नाही. मला त्यासाठी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. हे दोन्ही प्रवास एकाच लग्नासाठी झाले. पहिला माझ्या धाकट्या भावाने केला, दुसरा मी. मान कोणाचा, हे दोघांपैकी कोणीही निघण्याआधीच ठरले होते.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. धाकटा भाऊ दिनकर एका वृत्तसंस्थेच्या लंडन कार्यालयात होता. त्याची बातमी आमच्या टेलिप्रिंटरवर खडखडत उतरे आणि तिचे मराठी करण्याचे काम बहुधा माझ्याकडे येई. सुरुवातीला 'लंडन' हे ठिकाण लिहावे लागे. ते मी गेली नऊ वर्षे लिहीत होतो. विमानात मी एकदाही बसलो नव्हतो.

आमची बहीण कमल आम्हा दोघांच्या मधली. तिला आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, वांकिडीला दिली आहे. गाव आंध्रात असले तरी घरांत मराठी बोलतात, बाजारही निम्मा महाराष्ट्राशी चालतो. तिचे यजमान नामदेवराव कापूस-ज्वारी पिकवतात आणि किराण्याचे छोटे दुकान चालवतात. थोरली मुलगी रेखा, तिचेच लग्न. कापडखरेदीसाठी नागपूरला आले तेव्हा नामदेवराव कार्यालयात येऊन गेले आणि माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी बेत सांगितला.

"भाऊ, आमच्या तिकडं आता तेलगू लोकायसारखाच दस्तूर पडून गेला. नवरीले गंप्यात (वेळूच्या मोठ्या टोपल्यात) बसवाचं आन् मेनमामाईनं (आईच्या भावांनी) उचलून मांडवात आणाचं."

"मग आम्ही दोघे उचलू."

"तेच तं. पुढून दिनूभाऊ, मागून तुमी. कमलनं ठरवलं."

पुढचा मामा आधी मांडवात शिरतो. त्याने भाचीला पाठ दाखवायची नसते, म्हणून तो तिच्याकडे तोंड करून उलटा चालत येतो. अख्खा मांडव त्याच्याकडे पाहत असतो. हे सगळे नामदेवरावांनी हातवारे करून समजावले.

"मोठा मी आहे," मी म्हणालो.

"मी बी म्हनलो तिले. तं ते म्हनते, दिनू पाहा किती दुरून येऊन राह्यला."

म्हणजे मान वयावर नव्हता, अंतरावर होता. त्या हिशेबात मला फारसे काही करता येण्याजोगे नव्हते.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी पहाटेच्या एसटीने निघालो. एप्रिल अर्धा सरला होता. वरोऱ्यापर्यंत खिडकीतून येणारा वारा सोसण्यासारखा होता. त्यानंतर तो चुलीतून आल्यासारखा लागू लागला. वरोऱ्याच्या स्थानकावर आलुबोंडा खाल्ला. भद्रावतीच्या अलीकडे टायर पंक्चर झाले. कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवले आणि आम्ही एका बाभळीच्या सावलीत, जी चौघांनाही पुरली नसती, वीसजण उभे राहिलो. चंद्रपूरला गाडी बदलली, राजुऱ्याला पुन्हा बदलायची होती. राजुऱ्याच्या स्थानकावर धावताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार जेवायला गेला होता. पानटपरीवाल्याने सुतळी दिली. ती बांधून मी पुढच्या गाडीत चढलो.

राजुरा सुटले की रस्ता हळूहळू जंगलात शिरतो. सागाने पाने टाकली होती. मोहाची झाडे मात्र हिरवीगार होऊ लागली होती आणि त्यांच्याखाली बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. लक्कडकोटच्या पुढे सीमा ओलांडल्याचे कोणी सांगत नाही. मैलाच्या दगडांवरची लिपी गोल होते, तेवढेच. माझ्या शेजारी वांकिडीचा एक म्हातारा शेतकरी बसला होता. मांडीवर पोते, पोत्यात बहुधा वाल.

"कोनाकडं?" त्याने विचारले.

"नामदेवरावांकडे. लग्नाला."

तो सरसावून बसला. "तुमी कमलबाईचे भाऊ का? लंडनवाले?"

"भाऊच. नागपूरवाला."

"अस्सं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. थोड्या वेळाने, जणू मला वाईट वाटू नये म्हणून, त्याने विचारले, "नागपूर बी दूरच हाय मना?"

वांकिडीच्या फाट्यावर मी उतरलो तेव्हा दिवे लागत होते. घ्यायला कोणी आले नव्हते. येण्याचे कारणही नव्हते, घर मला माहीत होते. अंगणात मांडव अर्धा झाला होता. कमल दारातच भेटली. तिने पाणी दिले, पाय धुवायला बादली दिली आणि पहिला प्रश्न विचारला.

"दादा, विमानाले किती वेळ लागते रे?"

"नऊ तास."

"बस? मंग तो तुह्याइतकाही थकनार नाई."

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि कच्चा कांदा. इतकी चांगली अंबाडी नागपुरात मिळत नाही. मी दोनदा मागून घेतली. जेवताना नामदेवराव दिनूच्या झोपण्याची व्यवस्था सांगत होते. त्याच्यासाठी अडत्याकडून टेबलपंखा आणला होता. मला अंगणात खाट होती. उघड्यावर झोप चांगली लागते हे खरे आहे, तरीही पंख्याची नोंद मी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंप्याची तालीम झाली. बुरुडाने टोपले नवे विणून दिले होते, त्याला हळद लावली होती, दोन्ही बाजूंना जाड कडी होती. आत रेखाऐवजी ज्वारीचे पोते ठेवले. पुढून दिनूच्या जागी नामदेवराव, मागून मी. नामदेवराव उलटे चालताना दोनदा अडखळले.

"पाहून चाला ना!" कमल ओरडली.

"पाठीले डोये हायेत का मले? मागच्यानं सांगावं लागते."

म्हणजे मागच्याचे काम ते होते. वाट त्यालाच दिसते. 'डावीकडे या', 'दगड आहे', 'थांबा' असे सांगत त्याने पुढच्याला मांडवात पोचवायचे. नऊ वर्षे मी साधारण हेच करत होतो.

रेखा ओसरीवरून हसत पाहत होती. हातावर मेंदी ओली होती. मी पोते खाली ठेवून घाम पुसत होतो, तेव्हा ती जवळ आली.

"मामा, मी या पोत्याहून जड हाव. टाकसान तं नाई ना?"

"दिनूमामा आहे पुढे."

"त्याईले मी पाह्यलं तवा पाचवीत होती. तुमी मागं हाय मनून मी बसून राह्यली टोपल्यात."

हे तिने सहज म्हटले. मी ते लक्षात ठेवले, कारण त्या घरात त्या दिवसांत माझ्याविषयी दुसरे कोणी काही म्हटल्याचे आठवत नाही.

लग्नाच्या दिवशी उजाडताच मी अडत्याच्या दुकानात गेलो. तिथे फोन होता. नागपूरचा कॉल लागायला बराच वेळ गेला. रात्रपाळीचा सहकारी अजून कार्यालयात होता. लंडनहून निरोप आला होता: दिनूचे विमान दोन तास उशिरा सुटले. मुंबईहून नागपूरचे विमान त्याला तरीही मिळेल. नागपूरहून टॅक्सी ठरलेली होती.

लग्नाला दोन मुहूर्त काढले होते. एक दुपारी बाराच्या सुमाराचा, दुसरा गोरज. दिनू वेळेवर येणार असता, तरी गोरजच गाठणार होता. आता तोही निसटण्याची शक्यता होती. मी परतलो तेव्हा अंगणात नामदेवराव, कमल आणि आदल्या रात्रीच वऱ्हाडासह आलेले नवऱ्या मुलाचे वडील उभे होते. हे सोयरे राजुऱ्याकडचे, अंगाने भक्कम, बोलायला मोकळे. ते दुपारच्या मुहूर्ताच्या बाजूचे होते.

"इमानाचं सांगता आन् आमाले उन्हात वाळू घालता का? आमच्या बाया रातभर झोपल्या नाईत."

कमलने त्यांच्याकडे पाहिलेच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. "दादा, तू सांग. तुले हिशेब कळते. गोरजाले पोचते का नाई तो?"

सगळे माझ्याकडे वळले. मी विमानाची वेळ, मुंबईतला थांबा, नागपूरचे विमान, टॅक्सी आणि चंद्रपूरच्या पुढचा रस्ता मनात मांडला. बेरीज काठावर येत होती. 'नाही' म्हणालो असतो तर कोणी शंका घेतली नसती. दुपारी लग्न लागले असते आणि पुढची कडी माझ्या हातात आली असती. खोटेही ठरले नसते. एखादे टायर पंक्चर झाले की 'नाही' खरेच होते.

"पोचण्याची शक्यता आहे," मी म्हणालो.

बातमीत मी हे शब्द लिहितो, तेव्हा मला ठाऊक नसते एवढाच त्याचा अर्थ असतो. कमलने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

"मंग गोरज," ती म्हणाली.

सोयऱ्यांनी तिथेच बसून पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले. "बरं हाय. मामा वरून येते, आमी खाली बसतो."

त्यानंतर माझे जे काम सुरू झाले, ते मी मागितले नव्हते. फोनवरून आल्यामुळे आणि पेपरवाला असल्यामुळे विमानाची खबर माझ्याकडे आहे असे सगळे धरून चालले. न्याहारीला गारेलू (उडदाचे वडे) आणि चिंचेचा भात होता. पहिला घास घेतो तोच बाजावाल्यांचा म्होरक्या सनई काखेत धरून समोर बसला.

"पेपरवाले मामा, इमान आता कुठवर आलं?"

मी घड्याळ पाहिले. "इराण ओलांडलं असेल. आता समुद्र लागेल."

"समुद्रावरून येते? मंग खाली पाह्यलं तं चक्कर येत असन."

"फार उंचावरून येतं. दिसत नाही."

"तरी बी," तो म्हणाला आणि उठून आपल्या लोकांना सांगायला गेला. पाच मिनिटांत स्वयंपाकाच्या चुलीपर्यंत बातमी पोचली की लंडनवाले मामा समुद्रावर आहेत. एका आजीने हात जोडले. पुढल्या प्रत्येक टप्प्याला कोणी ना कोणी येई. आता कुठवर? मुंबई आली असेल. आता? उतरला असेल. आता? पुन्हा चढला असेल. मी माझ्या भावाचा प्रवास त्या मांडवात, खुर्चीवर बसून, पायात सुतळीची चप्पल घालून, पूर्ण केला. त्याच्या बातम्या मराठीत आणण्याची सवय होतीच.

अकराच्या सुमारास आवाज आला. वांकिडीच्या आकाशातून विमाने जातात, उंचावरून, पांढरी रेघ ओढत. एरवी कोणी मान वर करत नाही. त्या दिवशी कोणीतरी ओरडले, "आलं! मामाचं इमान आलं!" आणि मांडव रिकामा झाला. पंगतीतले उठले. कमल पिठाच्या हातांनी बाहेर आली. बाजावाल्यांच्या म्होरक्याने कोणाला न विचारता सनई तोंडाला लावली आणि ताशा सुरू झाला. शंभर-दीडशे माणसे उन्हात, डोळ्यांवर हात धरून, आकाशाकडे पाहत हात हलवू लागली.

मी ते विमान पाहिले. ते दक्षिणेकडून येऊन उत्तरेला चालले होते. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाचा मार्ग इथून खूप उत्तरेला आहे.

"हेच का रे?" कमलने विचारले.

"नाही. हे हैदराबादहून दिल्लीला जात असेल."

"तुले काय मालूम? नंबर वाचला का?"

"दिशा चुकीची आहे."

"नागपूरकडंच तं चाललं!" ती म्हणाली आणि दोन्ही हात हलवू लागली. पीठ तिच्या केसांवर उडत होते. वयाच्या बाराव्या वर्षी आमच्या चंद्रपूरच्या घराच्या गच्चीवर पतंग काटला की ती अशीच नाचत असे.

त्या विमानात कोण बसले होते मला माहीत नाही. कोणी दिल्लीचा व्यापारी, कोणी सरकारी अधिकारी. आपल्या खाली ताशा वाजतो आहे हे त्यांना कळले नाही. मला एवढेच वाटले की मी परवा आलो ती लाल एसटी याच रस्त्याने, या माणसांच्या समोरून, अगदी हाताच्या अंतरावरून आली होती.

दुपार लांबली. सोयरे एकदा झोपून उठले, एकदा चिडून उठले. रेखाला नटवून आतल्या खोलीत बसवले होते. कमल चार वाजल्यापासून फाट्याकडे माणसे पाठवत होती. ऊन उतरले. भटजींनी घटिकापात्राकडे पाहायला सुरुवात केली. गुरे परत येऊ लागली, रस्त्यावर धूळ उठली, आणि त्या धुळीतूनच एक पांढरी टॅक्सी आली.

दिनू जाडा झाला होता. कोट हातावर होता, शर्ट पाठीला चिकटला होता, पायात चकाकणारे तपकिरी बूट होते. त्याने माझ्या पायांना हात लावला, तेव्हा सुतळी त्याच्या बोटांना लागली असणार. तो उठून कमलकडे वळला.

कमल रडत होती. "किती थकला रे!"

"विमानात काही नाही गं ताई, झोपून आलो. चंद्रपूरच्या पुढे मात्र जीव गेला. काय रस्ता आहे! खड्डे म्हणू नका, धूळ म्हणू नका."

"किती तकलीप झाली मामाले!" सकाळी हात जोडणाऱ्या आजी म्हणाल्या. चौघींनी मान हलवली. तोच रस्ता, तेच खड्डे. माझ्या वेळी टायरही फुटले होते. मी ते कोणाला सांगितले नव्हते हे मात्र मान्य करायला हवे.

मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. दिनूने तोंडावर पाणी मारले, बूट काढले. गंपा उचलायचा तो अनवाणी. नऊ वर्षांत त्याचे तळवे मऊ झाले होते. अंगणातल्या मातीवर पाय टेकताच त्याने ओठ दाबले. रेखा टोपल्यात बसली. तिने माझ्याकडे एकदा मागे वळून पाहिले आणि कडा घट्ट धरल्या.

"उचला!" नामदेवराव ओरडले. ताशा वाजू लागला.

ती खरेच पोत्याहून जड होती. दिनू पुढे, रेखाकडे तोंड, मांडवाकडे पाठ. मी मागे. घरापासून मांडवापर्यंतची वाट दोन बाजूंना उभ्या माणसांमुळे अरुंद झाली होती. फुले, अक्षता, लहान-मोठे हात. मी वाट सांगत होतो. जरा डावीकडे. आता सरळ. खाली दगड. दिनू माझ्या शब्दावर पाऊल मागे टाकत होता. तो हसत होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते, "लंडनवाले मामा" म्हणत होते आणि घामाने त्याचा चेहरा चमकत होता. तो आनंदी दिसत होता. इतका आनंदी मी त्याला पाहिला नव्हता, आणि स्वतःला तर नाहीच.

मांडवाच्या तोंडाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक दोरी ताणलेली होती. कोपऱ्याच्या खांबाला आधार म्हणून संध्याकाळी कोणीतरी खुंटीला बांधली असावी. सकाळी ती नव्हती. दिनूची टाच तिच्यापासून एका पावलावर होती. त्याला ती दिसणे शक्य नव्हते. मला दिसत होती. फक्त मला.

मी लगेच बोललो नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. ताशाचा एखादा ठोका असेल. त्या ठोक्यात मला सारे स्पष्ट दिसले: टाच अडकते, दिनू पाठीवर पडतो, सनई थांबते. विमान नऊ तासांत येते आणि शेवटच्या एका पावलावर आपटते. मग रेखाने कडेवर आवळलेली बोटे दिसली. मेंदी काळी रंगली होती. दिनू पडला तर टोपले त्याच्यावर जाणार होते आणि टोपल्यात ती होती. ती बसली होती ती मी मागे आहे म्हणून.

"दोरी!" मी ओरडलो. "दिनू, दोरी! पाय उचल!"

त्याने पाय उचलला. तो पाय दोरीपलीकडे टेकला, मग दुसरा. मी ओरडलो तेव्हाच फोटोग्राफरचा दिवा लखकन उजळला होता. आम्ही मांडवात पोचलो आणि टोपले बोहल्याजवळ खाली ठेवले. रेखाने श्वास सोडला. दिनू माझ्याकडे पाहून म्हणाला, "बरं झालं दादा, सांगितलंस," आणि त्याच क्षणी त्याला मिठी मारायला माणसे पुढे आली.

दोन दिवसांनी मी परतलो. दिनू आणखी चार दिवस राहणार होता; बासरला सरस्वतीच्या दर्शनाला सगळे एकत्र जाणार होते. मला रजा नव्हती. वांकिडीच्या फाट्यावर कमल पोचवायला आली, हे सांगायला हवे. तिने ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि नवी चप्पल दिली. चप्पल नामदेवरावांनी बाजारातून आणली होती, माझ्या मापाची. म्हणजे सुतळी कोणीतरी पाहिली होती.

"दिनू काय, आता दहा सालाने येईन," ती म्हणाली. "तू दिवाळीले ये."

"अंतर कमी आहे," मी म्हणालो.

"मनून तं मनते."

गाडी लक्कडकोटच्या जंगलातून चालली होती. दगडांवरची अक्षरे पुन्हा माझी झाली. वर एक पांढरी रेघ दिसली. दिशा पाहण्याच्या आधीच मी मान खाली घेतली.

पंधरवड्याने टेलिप्रिंटरवर लंडनची बातमी उतरली. मी तिचे मराठी केले. त्याच दिवशी टपालाने लग्नाचा फोटो आला. फोटोग्राफर बोहल्यावर उभा होता, त्यामुळे पुढे उलट चालणाऱ्या मामाची फक्त पाठ आली आहे, घामाने भिजलेली. त्याच्या खांद्यावरून रेखाचा चेहरा दिसतो. त्याच्या वर, बरोबर मध्यभागी, माझा. तोंड उघडे आहे.

कार्यालयात तो हातोहात फिरला. "मामा भलतेच खुशीत दिसतात," एकजण म्हणाला. "मोठ्याने हसताय की काय?"

मी 'हो' म्हणालो. फोटो अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. दिनूने पत्रातून प्रत मागितली होती. ती मी पाठवली. पाठ कोणाची, हे त्याला ओळखता येईल.